लिव्हरची ढाल: उंदरांची आणि माणसांची

टीबीची औषधं सुरू झाली की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच घरात एक प्रश्न निघतो. ‘ही औषधं लिव्हरला जड असतात म्हणे. मग सोबत लिव्हरसाठीही काही घ्यायला नको का?’ शेजारचे काका एका टॉनिकचं नाव सुचवतात, मेडिकलवाला न विचारता एक डबी पुढे करतो, पुण्याची भाची फोनवरून हळदीच्या कॅप्सूल घ्यायला सांगते. डबीवर हिरवं पान, त्याखाली ‘शक्तिशाली अँटिऑक्सिडंट’ आणि ‘लिव्हरचं संरक्षण’. महिन्याला पाचसहाशे रुपये जातात, पण मनाला बरं वाटतं.

यातली काळजी खोटी नाही. टीबीच्या नेहमीच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही काही रुग्णांच्या यकृताला इजा करू शकतात. दारू पिणाऱ्यांना, वयस्करांना आणि आधीच यकृताचा आजार असलेल्यांना हा धोका जास्त. प्रश्न त्या डबीचा आहे. रसायनापासून यकृताला वाचवणारी ढाल अशी गोळीतून देता येते का?

उत्तर ‘हो’ही आहे आणि ‘नाही’ही आहे. ‘हो’ कुठे आहे, हे कळलं की बाकी ठिकाणी ‘नाही’ का, तेही उलगडतं.

सुरुवात एका विषापासून करू. कार्बन टेट्राक्लोराइड हा गोडसर वासाचा, पाण्यासारखा दिसणारा द्रव. एकेकाळी तो ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कपड्यांचे डाग काढायला वापरत, आग विझवायच्या नळकांड्यांत भरत. इतकंच नव्हे, तर १९२१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या मॉरिस हॉल या पशुवैद्यक शास्त्रज्ञानं तो आतड्यातल्या हुकवर्मवर चालतो असं दाखवलं आणि पुढची काही वर्षं अनेक देशांत माणसांना तो चक्क औषध म्हणून पाजला गेला. जंत मरायचे, पण काही माणसंही दगावायची, विशेषतः पिणारी. यकृताच्या सूक्ष्म खंडांचा मधला भाग जळाल्यासारखा मरून गेलेला असायचा.

कारण नंतर समजलं. हा द्रव स्वतः फारसा काही करत नाही. यकृतातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला निकामी करायला जातं आणि तोडताना त्यातून एक अर्धवट, अस्थिर तुकडा बाहेर पडतो. त्यालाच फ्री रॅडिकल म्हणतात. तो शेजारच्या रेणूवर झडप घालतो, तो रेणू त्याच्या शेजाऱ्यावर, आणि साखळी सुरू होते. पेशीचं आवरण स्निग्ध पदार्थांचं असतं. दिवाळीच्या चकलीचा डबा महिनाभर उघडा राहिला की तेल खवट होतं ना, जवळपास तीच प्रक्रिया पेशीच्या आवरणात होते, फक्त काही तासांत. दारू नेमकं याच विकराचं प्रमाण वाढवते. त्यामुळे पिणाऱ्यांना हे विष अधिक भोवायचं.

साखळी अशी असेल, तर ती मध्येच तोडणारा पदार्थ द्यावा, हे ओघानंच आलं. अँटिऑक्सिडंट म्हणजे हा साखळी तोडणारा. इथून एक मोठा उद्योग उभा राहिला, आणि तो कारखान्यात नव्हे, प्रयोगशाळेत.

आपल्याकडच्या औषधनिर्माणशास्त्राच्या कुठल्याही कॉलेजच्या ग्रंथालयात गेलात तर या प्रयोगाचे प्रबंध कपाटभर सापडतील. पद्धत ठरलेली. उंदरांचे गट करायचे. एका गटाला काही दिवस कुठल्या तरी वनस्पतीचा अर्क पाजायचा. मग सगळ्यांना कार्बन टेट्राक्लोराइड टोचायचं. दुसऱ्या दिवशी रक्तातलं एसजीपीटी मोजायचं. यकृताच्या पेशी फुटल्या की हे विकर रक्तात सांडतं, म्हणून ते जितकं जास्त तितकी इजा जास्त. अर्क घेतलेल्या उंदरांमध्ये ते कमी आलं की निष्कर्ष लिहायचा: ही वनस्पती यकृतरक्षक आहे. हळद या परीक्षेत पास झाली, ग्रीन टी झाला, गुळवेल झाली, दुधाळ काट्यांचं युरोपीय झाड मिल्क थिसल झालं. खरं सांगायचं तर नापास झालेली वनस्पती शोधावी लागते, आणि नापासांचे निकाल फारसे कुणी छापतही नाही.

हे प्रयोग खोटे नसतात. पण त्यांत तीन गोष्टी दडलेल्या असतात. पहिली, औषध विषाच्या आधी दिलेलं असतं. दुसरी, मात्रा उंदराच्या वजनाच्या मानानं प्रचंड असते. तिसरी सगळ्यात गमतीची. विष तयार करायला ते यकृतातलं विकर लागतं, हे आपण वर पाहिलं. अर्कानं त्या विकरालाच अडवलं, तर विष बनतच नाही. मग यकृत वाचतं. पण साखळी तोडल्यामुळे नव्हे, तर साखळी सुरूच न झाल्यामुळे. कागदावर मात्र ‘अँटिऑक्सिडंट गुणधर्म’ असंच येतं.

शिवाय माणसं कार्बन टेट्राक्लोराइड पीत नाहीत. ती टीबीची गोळी घेतात, अँटिबायोटिक घेतात, दारू पितात. या प्रत्येकाची यकृताला इजा करण्याची रीत वेगळी. अनेक औषधांच्या बाबतीत तर इजा औषधापेक्षा शरीराची प्रतिकारशक्तीच करते. औषधाचा तुकडा यकृतातल्या प्रथिनाला चिकटतो आणि आपलेच सैनिक त्या पेशीला परकी समजून हल्ला चढवतात. म्हणूनच एकच गोळी हजार जण निर्धास्त घेतात आणि एखाद्यालाच कावीळ होते. उंदराच्या पोटात टोचलेल्या द्रावकाचा प्रयोग या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही.

आता ‘हो’कडे येऊ. ती गोष्ट आहे पॅरासिटामॉलची.

प्रत्येक घरातल्या डब्यात असलेली ही गोळी ठरलेल्या मात्रेत अतिशय सुरक्षित. पण १९६६ मध्ये एडिंबरातल्या डॉक्टरांनी प्रथमच नोंदवलं की फार जास्त प्रमाणात ती पोटात गेली तर यकृत मरतं. कसं, ते १९७३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जेरी मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर शोधलं. हा प्रयोग मात्र पाहण्यासारखा आहे, कारण त्यांनी ‘वाचलं की नाही’ एवढंच विचारलं नाही, ‘का’ तेही विचारलं.

पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग यकृत सरळ मार्गानं निकाली काढतं. थोडासाच भाग आडवाटेनं जातो आणि त्यातून एक विषारी पदार्थ बनतो. त्याला पकडायला यकृतात ग्लुटाथायोन नावाचा पहारेकरी असतो. तो विषाला मिठी मारतो आणि दोघंही लघवीवाटे बाहेर. रोजच्या मात्रेत पहारेकरी भरपूर पुरतात. मात्रा बेसुमार झाली की सरळ मार्ग तुंबतो, आडवाटेवर गर्दी होते आणि पहारेकरी संपत जातात. साठा मूळच्या सुमारे तीस टक्क्यांच्या खाली गेला की उरलेलं विष पेशीच्या प्रथिनांवर बसतं. मिचेल यांच्या गटानं उंदरांमधलं ग्लुटाथायोन आधीच संपवलं, तर इजा वाढली. ग्लुटाथायोन बनवायला लागणारा कच्चा माल, सिस्टीन, दिला तर इजा थांबली. कुलूप आणि किल्ली दोन्ही हाती आली.

मग ग्लुटाथायोनच का देऊ नये? कारण ते पेशीत नीट शिरत नाही; तोंडानं घेतलं तर बराचसा भाग आतड्यातच तुटतो. (आज तेच ग्लुटाथायोन गोरेपणासाठी इंजेक्शनं आणि विरघळणाऱ्या गोळ्या म्हणून विकलं जातं, हा वेगळाच विषय.) एडिंबरात लॉरी प्रेस्कॉट यांनी आधी सिस्टियामिन वापरून पाहिलं. त्यानं यकृत वाचायचं, पण रुग्ण मळमळ-उलट्यांनी बेजार व्हायचे. मग त्यांचं लक्ष छातीतला चिकट कफ पातळ करायला वापरल्या जाणाऱ्या एका साध्या औषधाकडे गेलं: एन-ॲसिटिलसिस्टीन. ते पेशीत शिरतं, तिथं त्यातून सिस्टीन मोकळं होतं आणि यकृत आपलं ग्लुटाथायोन स्वतः बनवतं. म्हणजे पहारेकरी बाहेरून पाठवायचे नाहीत, भरतीसाठी माणसं पुरवायची.

१९७९ मध्ये प्रेस्कॉट यांनी शंभर रुग्णांचे निकाल छापले. विषबाधेनंतर दहा तासांच्या आत हे औषध शिरेतून मिळालेल्या ६२ रुग्णांपैकी फक्त एकाच्या यकृताला गंभीर इजा झाली. दहा ते चोवीस तासांच्या दरम्यान मिळालेल्या ३८ जणांपैकी मात्र २० जणांना झाली. ज्यांना आधीच्या काळात केवळ सलाइन वगैरे आधाराचे उपचार मिळाले होते, अशा ५७ जणांपैकी ३३ जणांना झाली होती.

हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. औषध तेच, विष तेच. दहा तासांआधी जवळजवळ शंभर टक्के संरक्षण, त्यानंतर निम्म्याहून अधिक लोक असुरक्षित. उशिरा दिलं तरी काही फायदा होतो, म्हणून डॉक्टर आजही ते देतातच. पण पहिल्या आठ तासांची सर त्याला येत नाही. विष प्रथिनांवर बसून गेल्यावर पहारेकरी आणून काय उपयोग?

आणि नेमका याच वेळेचा घोळ होतो. जास्त पॅरासिटामॉल पोटात गेल्यावर पहिला दिवस माणूस ठीक दिसतो. थोडी मळमळ, कधी तेवढीही नाही. घरच्यांना वाटतं, निभावलं. दुसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखू लागतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, गुंगी. तोवर सोनेरी तास केव्हाच उलटून गेलेले असतात. म्हणून मूल असो की मोठं माणूस, चुकून असो की जाणूनबुजून, गोळ्या जास्त गेल्याची नुसती शंका आली तरी ‘बघू उद्या’ म्हणू नका. लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठा, रिकामी पाकिटं सोबत न्या आणि किती वाजता गेल्या हे सांगा. रक्तातली पातळी आणि तास यांवरून उपचार ठरतो. घरातल्या कुणी जाणूनबुजून हे केलं असेल, तर रागवायला आणि विचारायला नंतर वेळ आहे. आधी गाडी काढा.

तर ही एक ढाल खरी. विष कोणतं ते माहीत, ते कुठल्या साठ्यावर घाला घालतं ते माहीत, तो साठा कशानं भरतो ते माहीत, आणि वेळही माहीत. इतकं सगळं जुळलं म्हणून ती चालली.

तीच ढाल दुसऱ्या लढाईत नेली तर? तसंही करून पाहिलं गेलं. पॅरासिटामॉलखेरीज इतर कारणांनी यकृत अचानक बंद पडलेल्या १७३ प्रौढांवरचा अमेरिकेतला अभ्यास २००९ मध्ये छापून आला. ज्यांची शुद्ध अजून फारशी हरपली नव्हती, अशांपैकी यकृत प्रत्यारोपणाशिवाय जगलेले औषधाच्या गटात ५२ टक्के, तर दुसऱ्या गटात ३० टक्के होते. पुढच्या पायरीवर गेलेल्यांना उपयोग झाला नाही. लहान मुलांवर पाहिलं, तर २०१३ मध्ये निकाल उलटा आला. १८४ मुलांच्या त्या अभ्यासात वर्षभरानंतर प्रत्यारोपणाशिवाय जगलेल्यांचं प्रमाण औषध मिळालेल्या गटातच कमी निघालं. टीबीच्या औषधांनी यकृत बिघडलेल्या रुग्णांवर दक्षिण आफ्रिकेत चाचणी झाली. एसजीपीटी खाली यायला लागणारा काळ काही कमी झाला नाही. मात्र रुग्णालयातला मुक्काम घटला. म्हणजे ना पूर्ण निराशा, ना चमत्कार. आणि हे सगळं रुग्णालयात, शिरेतून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. चहासोबत रोज एक कॅप्सूल, असं नव्हे.

मिल्क थिसलच्या सिलिमरिनचं काय? आपल्याकडच्या कितीतरी ‘लिव्हर’च्या गोळ्यांमध्ये तेच असतं. उंदरांमध्ये ते हमखास चालतं. विषारी डेथ कॅप अळंबी खाल्लेल्या रुग्णांना युरोपात त्यातला एक घटक शिरेतून देतात, कारण तो त्या विषाला यकृताच्या पेशीत शिरूच देत नाही. पण तिथंही काटेकोर तुलनात्मक चाचणी झालेली नाही. हिपॅटायटिस सी असलेल्या १५४ रुग्णांवर अमेरिकेत ती झाली आणि २०१२ मध्ये तिचे निकाल आले. नेहमीपेक्षा बरीच मोठी मात्रा, चोवीस आठवडे. ठरवलेल्या पातळीपर्यंत ज्यांचं एसजीपीटी उतरलं असे रुग्ण कमी मात्रेच्या गटात दोन, जास्त मात्रेच्या गटात दोन. आणि नुसत्या साखरेच्या गोळीसारखी निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांच्या गटातही दोनच.

न्यायाला धरून एक अपवाद नोंदवतो. मधुमेह नसलेल्या पण फॅटी लिव्हरमुळे यकृताला सूज आलेल्या रुग्णांना व्हिटॅमिन ई मोठ्या मात्रेत दोन वर्षांच्या आसपास दिल्यावर सूज कमी झाली, असं २०१० च्या एका चांगल्या चाचणीत दिसलं. पण तो चरबीचा आजार, रसायनाची इजा नव्हे. आणि हेच व्हिटॅमिन मोठ्या मात्रेत वर्षानुवर्षं घेणाऱ्या निरोगी पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग थोडा वाढल्याचं २०११ मध्ये पुढे आलं. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्यायचं औषध आहे, खाऊ नव्हे.

इथवर वाचून कुणी म्हणेल, ठीक, फायदा नसेल तर नसेल, नुकसान तर नाही ना? अडचण इथंच आहे. यकृताच्या रक्षणासाठी विकल्या जाणाऱ्या काही गोष्टी आता यकृत बिघडवणाऱ्यांच्या यादीत आहेत.

ग्रीन टी घ्या. कपात उकळून प्यायल्यास दिवसाला त्यातला मुख्य घटक साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम पोटात जातो. वजन घटवायच्या कॅप्सूलमध्ये तोच अर्क दाटून भरलेला असतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलं की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम आणि त्याहून जास्त गेल्यास यकृताची इजा दिसू लागते. हळदीचंही तसंच. आमटीतल्या हळदीला कुणी नावं ठेवत नाही. ती शरीरात शोषलीच फार कमी जाते. हा ‘दोष’ दूर करायला मिऱ्यातलं पायपरिन सोबत घालतात. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की त्यामुळे माणसाच्या रक्तात करक्युमिन वीसपट पोहोचतं. जाहिरातीत हा आकडा अभिमानानं छापला जातो. पण यकृताचा दरवान ज्याला दाराशीच थोपवत होता, त्याला आपण मागच्या दारानं आत घेतोय, हे त्यात लिहिलेलं नसतं. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या डॉक्टरांच्या जाळ्यानं २०२२ मध्ये हळदीच्या गोळ्यांमुळे यकृत बिघडलेले दहा रुग्ण नोंदवले. पाच जणांना भरती करावं लागलं, एकजण दगावला. दहापैकी सात जणांमध्ये एक विशिष्ट जनुकीय ठेवण होती. ती आपल्यात आहे की नाही हे डबी विकत घेताना कुणाला ठाऊक असतं?

आणि गुळवेल. करोनाच्या दिवसांत मुंबईत घरोघरी तिचे काढे झाले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्या सेवनानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले. केंद्राच्या आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरीच, याची खात्री केलेली नाही. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. बऱ्याच जणांमध्ये प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्याची चिन्हं होती. हा वाद मिटलेला नाही, आणि वनस्पती नेमकी कोणती हा मंत्रालयाचा प्रश्न रास्तच होता. पण गल्लीतल्या भिंतीवरून वेल तोडून आणणाऱ्यालाही तो तितकाच लागू पडतो.

आता पुन्हा त्या टीबीच्या घरात जाऊ. डॉक्टरांनी गोळ्यांसोबत एक छोटी पायरिडॉक्सिनची गोळी दिली असेल तर ती चालू ठेवा. ती व्हिटॅमिन बी-६ ची असते आणि हातापायाच्या नसांसाठी असते, लिव्हरसाठी नव्हे. बाकीच्या डब्या डॉक्टरांना दाखवा, घरगुती काढाही सांगा. कारण उद्या एसजीपीटी वाढलं तर दोष कुणाचा हे ठरवताना त्यांना सगळी यादी लागेल. नाहीतर काढा चालू राहतो आणि टीबीची गोळी उगाच थांबते. दारू सहा महिने पूर्ण बंद. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल विचारून घ्या, आणि सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉलच असतं हे लक्षात ठेवून दोन्ही एकदम घेऊ नका. आधीच यकृताचा आजार असेल तर रक्ततपासणी किती दिवसांनी करायची ते पहिल्याच भेटीत विचारा.

लघवी केशरी-लाल झाली म्हणून घाबरू नका. तो रिफाम्पिसिनचा रंग, घामात आणि अश्रूंतही उतरतो. पाहायचे ते डोळे. सकाळी खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, पापणी जरा खाली ओढून डोळ्याचा पांढरा भाग पाहा. तो पिवळा दिसला, जेवणाची वासनाच गेली, सतत मळमळू लागलं किंवा पोटात उजवीकडे दुखू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गोळ्या थांबवायच्या का, कुठल्या, आणि नंतर एकेक करून पुन्हा कशा सुरू करायच्या, हे ते सांगतील.